कमी बजेटमध्ये घरचा कॉम्प्युटर जोडताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरासाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचा आहे, पैसे मोजके आहेत आणि दुकानदार सांगेल त्याला नुसती मान डोलवायची नाही, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे पान आहे. इथे किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि एसएसडी (साठवणुकीची वेगवान डिस्क) यांचे भाव आठवड्यागणिक हलतात आणि छापलेला आकडा शिळा झाला की वाचणाऱ्याची दिशाभूलच करतो. त्याऐवजी पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे आणि त्यामागचं कारण काय, हे सांगितलंय.

सुरुवात प्रोसेसरपासून करायची ना?

नाही, कामापासून करायची. घरातली कोण माणसं या मशीनवर बसणार आणि काय करणार, हे एका कागदावर लिहा. मुलाचा दहावी-बारावीचा अभ्यास, आईची टॅलीची कामं, कोणाचं एमएस-सीआयटी किंवा जीसीसी-टीबीसी टायपिंगचा सराव, एखादा अर्ज भरणं, संध्याकाळी व्हिडिओ पाहणं, एवढंच असेल तर आजचा सगळ्यात साधा नवा प्रोसेसरही पुरून उरतो. व्हिडिओ एडिटिंग, अभियांत्रिकीची थ्रीडी सॉफ्टवेअर्स किंवा गेमिंग असेल तर गणित बदलतं. "पुढे कधीतरी लागेल" या खात्यात ज्या गोष्टी येतात, त्या कागदावर वेगळ्या लिहा. बजेट बहुतेक वेळा तिथेच फुगतं.

मग दुसरा विचार. जो भाग नंतर सहज जोडता येतो, त्याला आज कात्री लावली तरी चालेल. ग्राफिक्स कार्ड, जास्तीची हार्ड डिस्क, चांगला कीबोर्ड, स्पीकर हे असे भाग आहेत. जो बदलायला अख्खं मशीन उघडावं लागतं, किंवा जो बिघडताना बाकीच्यांनाही सोबत नेतो, त्यात काटकसर करू नका. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) त्यात येतात. खालची बहुतेक उत्तरं याच विचारातून आली आहेत.

"कोअर आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, नवाकोरा असेंबल्ड" अशी फार स्वस्त जाहिरात दिसली. घेऊ का?

आधी एकच प्रश्न विचारा: कितव्या पिढीचा आय-फाइव्ह? उत्तर टाळलं गेलं तर तिथेच थांबा.

अशा मशीनमध्ये बऱ्याचदा तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा प्रोसेसर असतो. उदाहरणार्थ आय५-३४७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. चार कोअर (काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). तो जुन्या ऑफिस मशीनमधून काढलेला असतो आणि एच६१ किंवा एच८१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) नव्याने बनवलेल्या स्वस्त बोर्डवर बसवलेला असतो. बोर्ड नवा, कॅबिनेट नवं, आत रंगीत दिवे. म्हणून "नवाकोरा" म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अर्धं खरं ठरतं. रॅम मात्र डीडीआर३ या जुन्या प्रकारची असते आणि पुढच्या कुठल्याही मशीनमध्ये ती लागत नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो, आणि विंडोज १० चा मोफत सर्वसाधारण आधार (सुरक्षेची अद्यतनं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच सुरक्षेचा प्रश्न उभा.

"आय-फाइव्ह" या नावावरून वेग कळत नाही. आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री त्या जुन्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. पिढी ओळखायची खूण सोपी आहे. "आय५-" च्या पुढचा आकडा चार अंकी असेल तर साधारणपणे पहिला अंक पिढी सांगतो. १० ते १४ मधल्या एखाद्या आकड्याने सुरू होणारी पाच अंकी संख्या असेल तर पहिले दोन अंक. कोटेशनवर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, "आय-फाइव्ह" एवढंच नको.

मग नवा घ्यायचा तर कोणता प्रोसेसर?

तंग बजेटमध्ये दोनच रस्ते मला मनापासून सुचवावेसे वाटतात.

पहिला इंटेलचा आय३-१२१०० किंवा त्याच घराण्यातला पुढचा १३१००, १४१००. चार कोअर, आठ थ्रेड, आतच साधं ग्राफिक्स. अभ्यास, ऑफिसकाम, प्रोग्रामिंग शिकणं, फोटोंची किरकोळ कामं यासाठी उत्तम.

दुसरा एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि आतलं ग्राफिक्स त्या आय-थ्रीपेक्षा बरंच ताकदवान. घरात थोडंफार गेमिंग होणार असेल आणि वेगळ्या कार्डासाठी पैसे नसतील तर हाच घ्या.

दोन सावधगिऱ्या. इंटेलच्या मॉडेलमागे "एफ" असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त म्हणून १२१००एफ घेतला आणि कार्ड घेतलं नाही, तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एएमडीमध्ये याच काळातल्या मॉडेलमागे "जी" नसेल, जसा साधा ५६००, तर तीच अडचण.

एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा (बोर्डवरच्या प्रोसेसर बसायच्या जागेचा) मोह होतो, कारण त्यावर पुढची कित्येक वर्षं नवे प्रोसेसर बसवता येतील. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि बोर्डही महाग पडतात. हातात मोजकेच पैसे असतील तर जुन्या एएम४ वर (५६००जी याच सॉकेटमध्ये बसतो) आजची गरज व्यवस्थित भागते. पाच वर्षांनी प्रोसेसर बदलणारी घरं थोडीच असतात. बहुतेक लोक तोवर मशीनच बदलतात.

मदरबोर्ड सगळ्यात स्वस्त घेतला तर चालेल?

स्वस्तातला चालेल, अनोळखी नको. इंटेलसाठी एच६१०, एएमडीसाठी ए५२०, बी४५० किंवा बी५५० चिपसेटचा, सर्वपरिचित कंपनीचा आणि भारतातली वॉरंटी असलेला बोर्ड घ्या. त्यात एम.२ एसएसडीची (थेट बोर्डवर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची) खाच, तुमच्या मॉनिटरला लागणारं एचडीएमआय पोर्ट आणि रॅमच्या किमान दोन खाचा आहेत ना, एवढं बघा. एच६१० बोर्ड डीडीआर४ चा वेगळा आणि डीडीआर५ चा वेगळा येतो. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बोर्डचा साठा जुना असेल तर तुमचा प्रोसेसर ओळखण्यासाठी बायोस (बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अद्ययावत लागतो. दुकानातच करून मागा.

स्वस्त बोर्डांवर वाय-फाय सहसा नसतं. राउटर त्याच खोलीत असेल तर लॅन केबल ओढा. नसेल तर छोटा यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या.

रॅम ८ जीबी घेऊ की १६?

आज घरासाठी १६ जीबी योग्य, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या घेण्यामागे कारण आहे. एक पट्टी असली की प्रोसेसर आणि रॅम यांच्यात एकच मार्ग चालतो, दोन असल्या की दोन. पाण्याच्या टाकीला एकाऐवजी दोन नळ बसवावेत तसं. आत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो हीच रॅम वापरतो. त्यामुळे ५६००जी एका पट्टीवर चालवला तर गेममध्ये त्याची बरीच ताकद वाया जाते. आय-थ्रीवर फक्त अभ्यास आणि टायपिंग करणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही.

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे लेख वाचून केलेला हिशेब आज रॅमपाशी कोसळतो. अशा वेळी मी दोन गोष्टी सुचवीन. साधं काम असेल तर आज ८ जीबीची एकच पट्टी घ्या, दुसरी खाच रिकामी ठेवा आणि पट्टीचं मॉडेल व वेग लिहून ठेवा, म्हणजे नंतर तशीच दुसरी घेता येईल. किंवा जुनी डीडीआर४ रॅम घ्या. रॅम वापराने सहसा झिजत नाही, त्यामुळे जुन्या भागांमध्ये ही सर्वात कमी जोखमीची खरेदी. फक्त मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन रात्रभर चालवून एकही चूक येत नाही ना ते पाहा, आणि परत करण्याची मुभा आधीच ठरवून घ्या. लॅपटॉपची आणि डेस्कटॉपची रॅम लांबीने वेगळी असते. जुन्या बाजारात ही गल्लत होते.

हार्ड डिस्क स्वस्त आहे. एसएसडी हवीच का?

हवीच. विंडोज हार्ड डिस्कवर टाकून मशीन मंद चालतंय म्हणून प्रोसेसरला दोष देणारी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे मेगाबाइट वाचते, सॅटा (वायरीने जोडायची) एसएसडी साडेपाचशेपर्यंत आणि साधी एनव्हीएमई (एम.२ खाचेत बसणारी) एसएसडी दोन-तीन हजारांच्या घरात. रोजच्या वापरात जाणवतो तो मुख्यतः हार्ड डिस्क ते एसएसडी हा फरक. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. ५१२ जीबीची ओळखीच्या कंपनीची एनव्हीएमई घ्या. लग्नाचे व्हिडिओ आणि जुने फोटो ठेवायला घरात पडलेली हार्ड डिस्क जोडता येते.

कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळतोय. वेगळा कशाला घ्यायचा?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर ते हे असावं. फुकटचा एसएमपीएस वापरू नका.

एसएमपीएस भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन आतल्या प्रत्येक भागाला त्याचा ठरावीक दाब पुरवतो. तो नीट बनवलेला असेल तर बिघडताना स्वतः बंद पडतो. निकृष्ट असेल तर जाताना बोर्ड आणि एसएसडीही घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या डब्यावर "४५० वॅट" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, पण बाजूच्या स्टिकरवरचा तक्ता वाचा. आजचं मशीन मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतं. त्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट, एवढीच त्याची खरी कामाची ताकद. ४५० कुठून आले हे तो स्टिकर सांगत नाही.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरच्या मशीनला जोरात काम करतानाही दीडशे वॅटच्या आसपासच लागतात. म्हणून मोठ्या आकड्यामागे धावायची गरज नाही. ४५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणित (वीज कमी वाया घालवणारा), जास्त दाब, जास्त प्रवाह आणि शॉर्ट सर्किटपासून संरक्षण असलेला, किमान तीन वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस बहुतेकांना पुरतो. पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड जोडलं तरी तोच चालतो. हे पैसे काढायला दुसरीकडे कुठेही कात्री लावा, अगदी कॅबिनेट जुनं वापरा.

मुलाला गेम खेळायचे आहेत. ग्राफिक्स कार्ड आत्ताच घ्यावं का?

आधी ५६००जी आणि रॅमच्या दोन पट्ट्यांवर वर्षभर चालवून पाहा. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए फाइव्ह असे गेम कमी सेटिंगवर ठीक चालतात. तेवढ्यावर मुलाचं समाधान झालं तर पैसे वाचले. नाही झालं तर कार्ड नंतर एका संध्याकाळी बसवता येतं.

घ्यायचंच तर आधी वीज बघा. जीटीएक्स १६५० ची साधी मॉडेल्स ७५ वॅटच्या आत असतात आणि बऱ्याचशांना वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि एसएमपीएसची आठ पिनांची वायर लागते. जुन्या बाजारात आरएक्स ५८० खूप दिसतात. त्यात "२०४८एसपी" लिहिलेलं कार्ड हे मूळ ५८० नव्हे. मूळ चिपमध्ये २३०४ गणक-एकक असतात, यात २०४८. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं चालवून नाणी कमावणं) बंद झाल्यावर दिवसरात्र तापलेली असंख्य कार्डं बाजारात आली. पंखा घरघरतोय का, खेळताना पडद्यावर ठिपके येतात का, हे अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय असं कार्ड घेऊ नका.

मॉनिटरसाठी पैसे उरत नाहीत. टीव्ही लावला तर?

काही महिने चालेल. एचडीएमआय लावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसी मोड किंवा "जस्ट स्कॅन" निवडा, नाहीतर अक्षरं फुटकी दिसतात आणि कडा कापल्या जातात. ३२ इंची टीव्हींपैकी पुष्कळ फक्त ७२० किंवा ७६८ ओळींचे असतात. त्यावर तासनतास टायपिंग केलं की डोळे दुखणारच. नंतर २२ ते २४ इंची, १०८० ओळींचा, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घ्या. मुलं रोज त्याच्यासमोर बसणार असतील तर प्रोसेसरच्या एका पायरीपेक्षा चांगला मॉनिटर मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तो पुढच्या दोन मशीनना पुरतो.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून निघालेले जुने ब्रँडेड पीसी मिळतात. ते कसे?

पैसे खरोखरच कमी असतील तर माझी पहिली पसंती यांनाच आहे. कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीन बदलतात, आणि बाहेर पडणारी डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क, लेनोव्होची थिंकसेंटर यांसारखी मशीन ऑफिसच्या एसीत, बऱ्यापैकी स्वच्छ हवेत चाललेली असतात. आठव्या पिढीचा आय५-८५०० असलेलं मशीन मिळालं तर सहा कोअर मिळतात आणि ते विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही आहे. बहुतेकांना विंडोजचा परवाना बोर्डातच नोंदलेला असतो. हा मोठा खर्च वाचतो.

तोटे माहीत असू द्या. या मशीनचा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. बिघडले तर बाजारातला साधा भाग बसत नाही. चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड मावत नाही. म्हणून वाढवत न्यायचं मशीन हवं असेल तर हा रस्ता नको.

घेताना चालू करून बघा. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडी किंवा हार्ड डिस्क किती तास चाललीय आणि तिची तब्येत कशी आहे ते पाहा. सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसरचं खरं मॉडेल पाहा. बायोसला पासवर्ड नाही ना, याची खात्री करा. पासवर्ड असेल आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर सौदा सोडा. आणि जुन्या हार्ड डिस्कवर आयुष्यातल्या कुठल्याही फोटोची एकमेव प्रत ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात नवी एसएसडी टाका.

खरेदी ठाण्यातच करावी, वाशीत, की लॅमिंग्टन रोडला जावं?

तिन्हींचा उपयोग आहे, पण वेगवेगळ्या कामाला.

ठाण्यात स्टेशन परिसर, नौपाडा, गोखले रोड आणि नवी मुंबईत वाशीचं सेक्टर १७ इथली दुकानं जवळ असतात. काही बिघडलं की मशीन रिक्षात टाकून नेता येतं. ज्यांना स्वतः जोडायचं नाही त्यांनी इथूनच पूर्ण मशीन घेणं शहाणपणाचं. भाव थोडा जास्त पडला तरी तो सेवेचा मोबदला समजा.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला चालत अंतरावर आहे. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल पकडा. फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. वाशी-नेरुळहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग तीच स्लो. रविवारी तिथला बाजार बराचसा बंद असतो, आणि शनिवारी दुपारी इतकी गर्दी असते की कोणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. आठवड्यात मधल्या दिवशी, दुपारच्या आधी जा. यादी पूर्ण मॉडेल क्रमांकांसकट लिहून न्या आणि तीन-चार दुकानांत तीच यादी दाखवून कोटेशन घ्या. "हा माल संपलाय, त्याच्यापेक्षा भारी हा घ्या" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे होकार देऊ नका. बाहेर या, मॉडेल तपासा, मग ठरवा. येताना कॅबिनेट आणि मॉनिटर असेल तर लगेजच्या डब्यात चढा, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या आत ठाणे गाठा.

ऑनलाइन मागवायला सगळ्यात सोपे म्हणजे एसएसडी, रॅम, प्रोसेसर असे छोटे सीलबंद भाग. खोकं उघडण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, ज्यात सील आणि सिरियल नंबर दिसतील. तक्रार करावी लागली तर हाच पुरावा. मॉनिटर मात्र शक्यतो दुकानातून, चालू करून, पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर मेलेला ठिपका नाही ना हे पाहून घ्या.

कच्च्या बिलावर जीएसटी वाचतो. काय हरकत?

हे भाग १८ टक्के जीएसटीत येतात, त्यामुळे मोह मोठा आहे. पण पक्कं बिल नसेल तर वॉरंटीचा दावा अडतो. एसएमपीएस आणि एसएसडीची तीन ते पाच वर्षांची वॉरंटी ही त्यांच्या किमतीचाच भाग आहे. ती घालवून वाचवलेले पैसे पहिल्याच बिघाडाला जातात. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई एका पावसाळ्यात उडते. खोकी वर्षभर माळ्यावर ठेवा. प्रोसेसर खोक्याशिवाय, "ट्रे" म्हणून मिळत असेल तर वॉरंटी कोण देणार, दुकान की कंपनी, हे बिलावर लिहून घ्या.

मी स्वतः जोडू शकतो का?

हो. एक मध्यम चौफुली स्क्रू-ड्रायव्हर, मोकळं टेबल आणि एक निवांत दुपार पुरते. मदरबोर्डचं छापील पुस्तक समोर ठेवा. यूट्यूबवरच्या व्हिडिओपेक्षा ते तुमच्या बोर्डाबद्दल अचूक बोलतं.

लोक अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात, इंटेलच्या या पिढ्यांत त्या बोर्डवरच्या सॉकेटमध्ये. दोन्हीकडे जोर लावायचा नाही, त्रिकोणाची खूण जुळली की तो आपोआप बसतो. बोर्डला चार खाचा असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीज-वायर लावायची राहते आणि मशीन सुरू होत नाही. पंखे फिरतात पण पडदा काळा, असं झालं तर आधी ती वायर आणि मग रॅम पक्की बसलीय का ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. सगळं सुरू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच धावत राहते.

काम करताना मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातला स्थिर विद्युतभार निघून जातो. हात थरथरत असेल तर दुकानदाराला जोडायला द्या, त्यात कमीपणा नाही. समोर बसून बघा आणि यादीतलेच भाग बसतायत ना ते तपासा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मशीन खराब आहे का?

बहुधा मशीन नाही, घरातलं अर्थिंग. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा गळका प्रवाह अर्थिंगच्या तारेत सोडतो. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटवर साचतो आणि हाताला जाणवतो. जुन्या चाळी आणि पहिल्या काळातल्या सिडकोच्या घरांत वायरिंग जुनं असेल किंवा दोन पिनांचं एक्सटेन्शन वापरलं असेल तर हे होतंच. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तो खर्च किरकोळ आहे आणि प्रश्न घरातल्या माणसांच्या जिवाचा आहे. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसणं कोणीही करू नये.

यूपीएस लागतोच का?

लाइट वारंवार जात असतील किंवा झपकत असतील तर लागतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला आणि मॉनिटरला पुरतो. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दहा-पंधरा मिनिटं देते. तेवढ्यात काम सेव्ह करून बंद करायचं, पुढे चालवत बसायचं नाही. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च धरून चाला. प्रिंटर किंवा पंखा त्यावर लावू नका. पैसे आज नसतील तर किमान चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या आणि पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग काढा.

वीजबिल किती वाढेल?

मॉनिटरसह ८० वॅट धरा, रोज पाच तास. महिन्याला १२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे टप्पा बदलतो. तुमचं बिल त्या रेषेच्या आसपास असेल तरच ते नजरेत भरेल.

खाडीकाठची दमट हवा आणि धूळ यांचं काय?

ओलाव्यापेक्षा धूळ जास्त त्रास देते, विशेषतः घोडबंदर रोड किंवा जिथे बांधकामं चालू आहेत तिथे. समोर जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, ते जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी मशीन तासभर चालू राहू दे, आतली ऊब ओल धरू देत नाही. दिवाळीच्या साफसफाईत मशीन बंद करून, प्लग काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा.

विंडोज विकत घ्यायचं की दुकानदार टाकून देतो ते चालेल?

दुकानदार "टाकून देतो" ते बऱ्याचदा क्रॅक केलेलं असतं. त्याच मशीनवर तुम्ही बँकेत लॉग-इन करणार, आधारची प्रत ठेवणार. अनोळखी माणसाने बदललेलं विंडोज तिथे नको. पैसे नसतील तर लिनक्स मिंट टाका. मोफत आहे, विंडोज वापरलेल्या माणसाला दोन दिवसांत सवय होते, लिब्रेऑफिसमध्ये पत्रं आणि तक्ते होतात, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे. टॅली किंवा विशिष्ट अभियांत्रिकी सॉफ्टवेअर लागत असेल तर मात्र विंडोजचा परवाना बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

मुलगी अभियांत्रिकीला जातेय. डेस्कटॉप की लॅपटॉप?

कॉलेजला रोज न्यावा लागणार असेल तर लॅपटॉप, यात वाद नाही. घरीच अभ्यास होणार असेल तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम करतो आणि दुरुस्त करायला सोपा. शाखा ठरली नसेल तर पहिलं सत्र जुन्या मशीनवर काढा आणि विभागात कोणती सॉफ्टवेअर्स लागतात हे वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून मग ठरवा.

घरातला जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊ का?

आधी त्यातली हार्ड डिस्क काढा. बाहेरच्या केसमध्ये घातली की ती बॅकअपला चालते. कीबोर्ड, माऊस, केबल आणि शक्य असेल तर कॅबिनेट नव्या मशीनला वापरा. उरलेलं अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. यूपीएसची जुनी बॅटरी शिसे आणि आम्लाची असते. नवी घेताना दुकानदार ती परत घेतो आणि थोडे पैसेही वळते करतो, ते मागून घ्या. डिस्क विकणार असाल तर नुसतं फॉरमॅट करून देऊ नका, पूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारं साधन चालवूनच हातावेगळी करा.